तण उगवायच्या आधी

(प्रभागसंघाच्या चैत्र महिन्याच्या सभेत कृषीसखीने केलेले भाषण. ज्या तायांना सभेला येता आले नाही त्यांच्यासाठी ते इथे देत आहोत. – संपादक मंडळ)



पाडवा झाला. गावोगाव सालगड्यांची सालं ठरली. औताचं काय, बियाण्याचं काय, खताचं काय, हे घरोघरी बसून ठरलं. पण खुरपणाचं काय, हे पाडव्याला कुणीच ठरवत नाही. ते आषाढात ठरतं, तण पिकाच्या वर निघाल्यावर. तेव्हा बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी वाढलेली असते, आणि घरच्या बाईला तर मजुरीही नाही. ती सकाळी भाकरी करून वावरात जाते आणि दिवस मावळेपर्यंत वाकलेलीच असते. म्हणून मी हा विषय आज, चैत्रातच घेतलाय. कारण आज जे सांगणार आहे त्यातलं निम्मं काम पाऊस पडायच्या आधीचं आहे.

विषय साधा आहे. तण उगवल्यावर काढायचं, हे आपण जन्मभर केलं. तण उगवूच कमी द्यायचं, आणि तेही जमेल तेवढं घरच्या वस्तूंनी, हे कसं करायचं ते आज बघू. आणि हे केल्यावर खुरपणाची मजुरी कमी झाली तर आपल्यातल्या भूमिहीन तायांचं काय, हेही बोलू. तो प्रश्न टाळून मला पुढं जायचं नाही.

बी कधी हातात सापडतं

तणाचं बी लई चिवट असतं. काही जातींचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि मरत नाही. पण त्या बियाच्या आयुष्यात एक वेळ अशी येते की ते अगदी नाजूक असतं. ओल लागली, साल फुटली, इवलंसं मूळ बाहेर आलं आणि अजून जमिनीत घट्ट झालं नाही, ते हे चार-आठ दिवस. तेवढ्यात त्याला धक्का बसला की ते संपलं. एकदा का मूळ खाली गेलं, की मग खुरपं आणि कंबर.

दुकानात जे उगवणीपूर्वीचं तणनाशक मिळतं ते हीच वेळ साधतं. सोयाबीनला, कापसाला पेंडीमिथॅलिन पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, ओल असताना फवारतात. ते उगवत्या बियाची मुळी आणि कोंब वाढू देत नाही. आपल्या घरच्या उपायांनाही नेमकी तीच वेळ साधायची आहे. मधले चार दिवस चुकले की उपाय चांगला असूनही उपयोग होत नाही. एवढं पक्कं लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट. हे सगळं बियापासून येणाऱ्या तणाला चालतं. केना, तांदुळजा, घोळ, दुधी, कुर्डू, गाजर गवत, ही बियाची तणं. पण हराळी, लव्हाळा, कुंदा ही मुळावर, गाठीवर, काशीवर येणारी तणं आहेत. त्यांना यातला कोणताही उपाय पुरता लागू पडत नाही. लव्हाळ्याच्या गाठी आणि हराळीच्या काशा उन्हाळ्यात नांगरटीनंतर वेचूनच काढाव्या लागतात. ज्याचं वावर हराळीनं भरलंय त्यानं आधी ते करावं, मग बाकीचं.

पहिला उपाय : आधी उगवून घ्या, मग पेरा

याला एक रुपया लागत नाही. रोहिणीचा किंवा मृगाचा पहिला पाऊस पडला की वरच्या दोन-तीन बोटांतलं तणाचं बी उगवतं. आठ-दहा दिवसांत रान हिरवं दिसायला लागतं. वाफसा आला की वखराची हलकी पाळी घाला. उगवलेलं सगळं तण पांढऱ्या मुळीतच मरतं. मग पेरा.

आपल्याकडं विद्यापीठही सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. म्हणजे पहिला पाऊस आणि पेरणी यांच्यात काही दिवस तसेही थांबायचंच असतं. त्या दिवसांचा हा उपयोग आहे. सोयाबीनची पेरणी १५ जुलैपर्यंत चालते. पण पाऊस लांबला, किंवा एकदम सगळा पडून रान चिखल झालं, तर हे साधत नाही. अशा वर्षी पेरणी सोडून तणाच्या मागं लागू नका.

यात एक नियम पाळायचा. ही पाळी उथळ घालायची, दोन बोटं. खोल घातली तर खालचं जुनं बी वर येतं, त्याला उजेड आणि ओल मिळते, आणि पुन्हा नवं तण उगवतं. वर वर हात फिरवायचा, खाली खणायचं नाही.

विहिरीचं, कालव्याचं पाणी असलेल्या तायांना तर हे कधीही करता येतं. मेथी, कोथिंबीर, कांदा टाकायच्या आधी वाफा तयार करा, पाणी द्या आणि आठ-दहा दिवस काहीच करू नका. तण उगवलं की खुरप्यानं वरच्या वर खरवडा आणि मग बी टाका. मेथीतलं तण वेचताना बोटं किती दुखतात हे आपल्याला ठाऊक आहे. ते काम यानं बरंच हलकं होतं.

दुसरा उपाय : उन्हाला कामाला लावा

परभणीचं वैशाखातलं ऊन आपण दरवर्षी सोसतो. त्याचा फायदाही घेता येतो. रोपवाटिकेसाठी ही सगळ्यात चांगली रीत आहे.

मिरची, वांगी, टोमॅटो, कांदा यांची रोपं जिथं करायची तो वाफा एप्रिल-मे महिन्यातच करून ठेवा. ढेकळं फोडा, सपाट करा, शेणखत घाला आणि भरपूर पाणी द्या. मग त्यावर पातळ, पारदर्शक प्लास्टिकचा कागद अंथरा. २५ ते ५० मायक्रॉनचा चालतो. कडा चारी बाजूंनी मातीनं गच्च बुजवा. हवा आत-बाहेर जाता कामा नये. चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या.

कागद पारदर्शकच पाहिजे. काळा कागद स्वतः तापतो, पारदर्शक कागद ऊन आत जाऊ देतो आणि माती तापवतो. आणि माती ओलीच पाहिजे. ओलं बी फुगतं आणि उष्णतेनं मरतं, कोरडं बी तग धरतं. यात वरच्या दोन-तीन इंचांतलं बरंचसं बी मरतं. रोपं मरणाऱ्या काही बुरश्याही कमी होतात. कागद काढल्यावर वाफा पुन्हा खणायचा नाही. नुसत्या रेघा ओढून बी टाकायचं.

आपल्या कितीतरी गटांनी रोपवाटिकेसाठी कर्ज घेतलंय. रोपाच्या वाफ्यात तण झालं की रोपं लुकडी होतात, तण उपटताना रोपंही उपटतात. ज्या गटाला रोपं विकायची आहेत त्यांनी यंदा निदान एक वाफा असा करून बघावा. कागद नीट काढला आणि घडी घालून सावलीत ठेवला तर पुढच्या वर्षीही वापरता येतो.

तिसरा उपाय : माती उघडी ठेवू नका

उजेड मिळाला नाही की बारीक बी उगवत नाही, आणि उगवलं तरी वर येता येता संपतं. म्हणून आच्छादन. सोयाबीनचं भुसकट, गव्हाचा भुसा, वाळलेला पाला, उसाचं पाचट, जे असेल ते. थर चार बोटं जाड पाहिजे. पातळ थरातून तण आरामात वर येतं आणि मग बाई म्हणते, सांगितलेलं केलं तरी काही झालं नाही.

रोपं लावून झाल्यावर, एकदा खुरपून, मग थर द्या. खोडाला चिकटवू नका, दोन बोटं जागा सोडा, नाहीतर पावसात खोड कुजतं. गोदाकाठच्या उसाच्या गावांतल्या तायांनी घरच्या माणसांना पाचट जाळू देऊ नये. तेच सरीत पसरलं तर तण दबतं, ओल टिकते आणि कुजल्यावर जमिनीलाच मिळतं.

आता कुणी म्हणेल, भुसकट तर जनावराला लागतं. खरं आहे. जनावराच्या तोंडचं काढून वावरात टाका असं मी म्हणणार नाही. पण पावसात भिजलेलं, बुरशी लागलेलं, जनावर ज्याला तोंड लावत नाही असं भुसकट दर वर्षी उकिरड्यावर जातं. ते परसबागेला पुरतं.

चौथा उपाय : आपली ज्वारी

परभणीच्या माणसाला ज्वारी काय सांगावी. परभणी मोती, परभणी शक्ती अशी वाणांची नावंच आपल्या गावाची आहेत. पण ज्वारी तण दाबते, हे आपण फारसं बोलत नाही.

ज्वारीच्या मुळांतून एक तेलकट द्रव्य जमिनीत झिरपतं. शास्त्रज्ञांनी त्याला सोर्गोलिऑन असं नाव दिलंय. बारीक बियांच्या तणाची कोवळी रोपं त्यानं खुरटतात. ताटातही अशी द्रव्यं असतात, ती कुजताना सुटतात. पाकिस्तानातल्या फैसलाबादच्या कृषी विद्यापीठात यावर पुष्कळ वर्षं काम झालं. ज्वारीची वाळलेली ताटं बारीक कापून दहापट पाण्यात २४ तास भिजवायची आणि ते पाणी गाळून फवारायचं, अशी त्यांची रीत. तण काही प्रमाणात कमी झालं, पूर्ण गेलं नाही. मी तुम्हाला तेवढंच सांगते, जास्त सांगत नाही.

कडबा महाग आहे, तो भिजवून फवारा असं कुणी म्हणणार नाही. पण धसकटं आणि जनावरांनी खाऊन उरलेले बुडखे तर आहेतच. ते कापून मिरची-वांग्याच्या ओळीत आच्छादन म्हणून टाका. मात्र मेथी, कोथिंबीर, गाजर असलं बारीक बी जिथं पेरायचंय तिथं टाकू नका. तणाचं बी दाबणारी वस्तू आपल्या पेरलेल्या बियालाही दाबते. जमिनीचा बेवड बघून पीक घ्यायची जुनी माणसांची पद्धत होती, त्यात हेच शहाणपण होतं.

पाचवा : मक्याचं ग्लुटेन, आणि बाजारातल्या बाटल्या

हल्ली मोबाइलवर एक गोष्ट पुष्कळ दिसते. मक्याचं ग्लुटेन टाका, तण उगवणारच नाही. हे खोटं नाही, पण अर्धं सांगितलेलं आहे. म्हणून पुरतं सांगते.

अमेरिकेत आयोवा राज्य विद्यापीठात निक ख्रिश्चन्स नावाचे प्राध्यापक हिरवळीच्या गवतावर काम करत होते. १९८० च्या दशकात गवताच्या एका रोगाचा अभ्यास करताना त्यांनी मक्याचं पीठ मातीत वापरलं. रोगाचं राहिलं बाजूला, पण त्या मातीत गवताचं बी नीट उगवतच नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून हा उपाय निघाला. १९९१ मध्ये त्याचं पेटंट झालं. तिकडं घरासमोरच्या हिरवळीत तण होऊ नये म्हणून लोक ते टाकतात.

ते काम कसं करतं? बी उगवतं, कोंब येतो, पण मुळी धरत नाही. मग दोन-चार दिवस वरची माती सुकली की ते रोप पाण्याविना मरतं. आता नीट ऐका. वरची माती सुकली तर. आपल्याकडं जून-जुलैत झड लागली की माती सुकत नाही, त्या रोपाला सावरायला वेळ मिळतो आणि तण वाचतं. त्यातून ग्लुटेनमध्ये दर शंभर किलोमागं साधारण दहा किलो नत्र असतं. म्हणजे वाचलेल्या तणाला तुम्ही खतच घातलं. म्हणून भर पावसाळ्यात ते टाकू नका. रब्बीत, उन्हाळ्यात, पाणी आपल्या हातात असताना ते चालतं.

किती लागतं? एका चौरस मीटरला साधारण १०० ग्रॅम. चार फूट रुंद आणि वीस फूट लांब वाफ्याला पाऊण किलो. एका गुंठ्याला १० किलो. एका एकराला ४ क्विंटल. हे ग्लुटेन म्हणजे स्टार्च कारखान्यातून निघणारा भाग, कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात वापरतात. पशुखाद्याच्या दुकानात भाव विचारा आणि स्वतः गुणाकार करा. वावराला परवडणार नाही हे लगेच कळेल. परसबागेतल्या दोन वाफ्यांना परवडेल. तेही रोपं लावून ती धरल्यावर टाकायचं. बी पेरलेल्या वाफ्यात टाकलं तर आपलंच बी उगवणार नाही. टाकल्यावर हलकं पाणी द्या, मग दोन-तीन दिवस वरची माती सुकू द्या. महिना-दीड महिना उपयोग राहतो.

आता बाटल्यांचं. हर्बल तणनाशक, जैविक तणनाशक असं लिहिलेल्या बाटल्या गावात विकायला येतात. तणनाशक कोणतंही असो, ते १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतं. त्याच्या लेबलवर नोंदणी क्रमांक, घटकाचं नाव, बॅच, तारीख आणि विषाची तीव्रता दाखवणारी रंगाची खूण असलीच पाहिजे. हे नसेल तर विकणारा कितीही गोड बोलो, घेऊ नका. आणि जे घ्याल त्याची पक्की पावती घ्या.

तिसरी गोष्ट मीठ. मीठ आणि व्हिनेगरचं पाणी फवारा, असंही मोबाइलवर सांगतात. व्हिनेगर नुसती वरची पानं जाळतं, जमिनीतल्या बियाला काही करत नाही. आणि मीठ एकदा जमिनीत गेलं की आपल्या काळ्या मातीतून लवकर निघत नाही. कालव्याखालच्या गावांत आधीच जमिनी चोपण झाल्यात, तिथं काही नीट येत नाही हे तुम्ही बघता. वावरात, परसबागेत मीठ टाकू नका.

बी येतं कुठून, तेही बघा

एका हातानं तण काढायचं आणि दुसऱ्या हातानं बी पेरायचं, असं आपल्याकडून नकळत होतं. कच्चं शेणखत हे त्यातलं मोठं कारण. जनावरानं खाल्लेल्या गवताचं बी शेणातून तसंच बाहेर येतं. ढीग नीट रचला, ओल ठेवली, मधून मधून उलथा-पालथ केली तर आत ५५ ते ६० अंश उष्णता होते आणि बरंचसं बी मरतं. खताच्या ढिगात हात घातल्यावर चटका बसला पाहिजे. अर्धवट कुजलेलं खत वावरात नेऊ नका.

मळणीयंत्र दुसऱ्याच्या रानातून आपल्या रानात येतं, सोबत तणाचं बी घेऊन येतं. यंत्र आल्यावर आधी झाडून, रिकामं फिरवून घ्यायला सांगा. घरचं बियाणं चाळून, पाखडून घ्या. हे काम आपलंच आहे आणि ते आपल्यापेक्षा चांगलं कुणी करत नाही.

आणि बांध. गाजर गवत पहिल्यांदा १९५५ मध्ये पुण्यात नोंदलं गेलं. आज ते कुठं नाही? शाळेच्या मैदानात, अंगणवाडीच्या दारात, पाणंदीत, सगळीकडं आहे. एक झाड हजारो बिया टाकतं. त्याचा एकच मुहूर्त आहे, फुलं येण्याच्या आधी उपटायचं. हातात मोजे, तोंडाला रुमाल बांधायचा, कारण त्यानं अंगाला खाज सुटते, दमही लागतो. उपटलेल्या जागी पावसाळ्याच्या तोंडावर तरोट्याचं बी फेका. तरोटा दाट वाढतो आणि गाजर गवताला जागा देत नाही. गाजर गवत खाणारे मेक्सिकन भुंगेही असतात, आपल्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांकडं त्यांची चौकशी करता येईल.

औषध वापरायचंच असेल तर

मी कुणाला दोष द्यायला आले नाही. पाच एकर सोयाबीन आहे, झड लागलीय, बाई मिळत नाही, अशा वेळी माणूस तणनाशक आणतो. पण त्या घरात पाणी कोण वाहतं? पंप कोण भरून देतं? फवारणीचे कपडे कोण धुतं? बाईच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते कीटकनाशक होतं, तणनाशक नव्हतं. पण पंप तोच असतो आणि हातही तेच. आणि पॅराक्वाट नावाचं जे तणनाशक आहे त्याच्यावर उतारा नाही. ते घरात ठेवू नका, पाण्याच्या बाटलीत तर कधीच ओतून ठेवू नका.

अजून एक. आपण खुरपायला जातो तेव्हा ओटीत काय आणतो? तांदुळजा, घोळ, कुर्डू, रब्बीत पाथरी. शेळीला गवताचा भारा. ज्याला सगळे तण म्हणतात त्यातली निम्मी आपली भाजी आहे. ज्या रानात तणनाशक मारलंय तिथली भाजी आणू नका, तिथलं गवत शेळीला घालू नका. मारलं की नाही हे मालकाला विचारायला लाजू नका.

मजुरीचा प्रश्न

मागच्या सभेत एका ताईंनी उभं राहून विचारलं होतं, "तण उगवलंच नाही तर आम्ही खायचं काय?" त्या भूमिहीन आहेत. आपल्या संघात त्यांच्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. पावसाळ्यातले दोन महिने खुरपणाची मजुरी हीच त्यांची मोठी कमाई. तो प्रश्न खरा आहे.

माझं म्हणणं असं आहे. मजुरी आधीच कमी झालीय, आणि ती बाटलीनं केलीय. बाटली आली की बाईचा दिवस गेला, आणि त्या दिवसाचे पैसे गावाबाहेर गेले. आज मी सांगितलेले उपाय तसे नाहीत. आच्छादन आपोआप पसरत नाही. वाफ्यावर कागद आपोआप अंथरत नाही. धसकटं वेचायला, खताचे ढीग पलटायला, रोपं करायला हात लागतात. आणि यातल्या कोणत्याही उपायानं तण पूर्ण जात नाही, मागं राहिलेलं वेचायला बाई लागतेच. काम राहतं, फक्त आषाढातून थोडं चैत्र-वैशाखात सरकतं, जेव्हा तसंही काम नसतं. सगळ्यांची सगळी मजुरी यातून भरून निघेल असं मी म्हणत नाही. पण ती गावात राहील.

म्हणून संघापुढं मी तीन गोष्टी ठेवते. एक, आच्छादन पसरायची आणि खत पलटायची मजुरी खुरपणाएवढीच धरायची, ती हलकी कामं म्हणून कमी द्यायची नाही. दोन, रोपवाटिकेच्या वाफ्यांसाठी पारदर्शक कागद संघानं एकत्र घ्यावा आणि गटांना आळीपाळीनं द्यावा, त्यात भूमिहीन तायांच्या गटांना पहिला नंबर. तीन, घरची बाई स्वतःच्या वावरात खुरपते ते दिवसही वहीत लिहायचे. पैसे कुणी देणार नाही, पण घरच्या हिशोबात ते दिसले पाहिजेत. ते दिसले नाहीत तर खुरपण फुकटच होतं असं सगळे धरून चालतात, आणि मग ते कमी करायचा विचारही कुणी करत नाही.

करून बघा, मोजून बघा

माझ्या शब्दावर सगळं वावर लावू नका. प्रत्येक गटानं एक गुंठा निवडावा. अर्ध्यात नेहमीसारखं करा, अर्ध्यात यातला एक उपाय करा. एकच. तीन उपाय एकदम केले तर कशानं काय झालं ते कळणार नाही. पेरणीनंतर विसाव्या दिवशी काड्यांची एक फूट लांब, एक फूट रुंद चौकट करा, ती दोन्हीकडं पाच-पाच ठिकाणी टाका आणि आतली तणाची रोपं मोजा. पहिल्या खुरपणाला दोन्हीकडं किती तास लागले तेही लिहा. सोयाबीनला पहिले ३० ते ४५ दिवस तणापासून जपावं लागतं, नंतर पीकच जमीन झाकून टाकतं. तेवढ्या दिवसांची नोंद पुरे.

ती वही श्रावणातल्या सभेला घेऊन या. जिथं फरक पडला तेही सांगा, जिथं नाही पडला तेही सांगा. त्यावरून पुढच्या वर्षी संघानं काय घ्यायचं, काय सोडायचं ते आपण सगळ्या मिळून ठरवू.

आज घरी गेल्यावर करायचं काम एवढंच आहे. रोपाच्या वाफ्याची जागा बघा आणि शेणखताच्या ढिगात हात घालून बघा, गरम आहे का. गार असेल तर उद्या सकाळी ऊन चढायच्या आत पाणी मारून तो पलटून घ्या.

आता प्रश्न विचारा.